एक पाय पायपुसण्यावर

मुलांनो, इथे आखातात फुटबॉलच्या विश्वचषकाची तयारी चालू होती, त्या वर्षी मी तुमच्या मामाकडे अल खोरला नुकतीच राहायला आले होते. मामा पहाटे कंपनीच्या बसने कामावर जाई, मामी लुसैलच्या ऑफिसात. मग संध्याकाळपर्यंत घरात एसीचा आवाज आणि मी. सगळी कामं वेळा ठरवून केली तरी ती अकरालाच संपत.

शेजारी एक अमेरिकन आजोबा एकटे राहत. नव्या मैदानाचं गवत राखायची जबाबदारी त्यांच्यावर होती. तरुणपणी ते पोटासाठी बेसबॉल खेळले होते, पहिल्या बेसवर. बेस म्हणजे जमिनीवर ठेवलेली छोटी चौकोनी गादी. चेंडू मारणारा धावत तिथे पोचायच्या आत चेंडू पोचला तर तो बाद. म्हणून सगळे यांच्याकडेच फेकणार, आणि यांनी बेसवरचा पाय न उचलता तो घ्यायचा.

चौदा वर्षं ते लहान गावांच्या संघांतून खेळले. मोठ्या संघात फक्त एकोणीस दिवस. तिथल्या खेळाडूचं बोट मोडलं म्हणून यांना बोलावलं. बोट बरं झालं, यांना परत पाठवलं. हवामान सांगावं तसं त्यांनी हे मला सांगितलं.

सामन्यांना त्यांचा दहा वर्षांचा नातू येणार होता. त्याने आजोबांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यासाठी त्यांनी चेंडू झेलायचा जुना ग्लोव्ह काढला, तर चामडं वाळून कडक झालेलं. मी तो मागून घेतला आणि तीन दुपारी त्यात खोबरेल जिरवलं. आमच्याकडे वहाणा अशाच मऊ करतात. ग्लोव्हला थोडा ताठपणा लागतो हे मला कुठे ठाऊक! त्यांनी हात घातला, तर तो आंबोळीसारखा लोळला.

“मॅडम, यात आता चेंडू झोपी जाईल,” ते म्हणाले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी आत चेंडू ठेवून तो दोरीने आवळला आणि आठ दिवस गादीखाली ठेवला. थोडा आकार आला.

तेवढ्यात त्यांच्या मुलीने कळवलं, शाळा बुडते, जमणार नाही. ग्लोव्ह हातात घेऊनच ते आमच्या दारी आले आणि मला विचारलं, चेंडू टाकाल का? मी साडी खोचली. त्यांनी आमच्या पायपुसण्यावर एक पाय रोवला. माझा पहिला चेंडू कुंडीकडे, दुसरा त्यांच्या गुडघ्याखाली. दर वेळी मी माफी मागत होते.

“माफी नको. कसाही टाका, घ्यायचं काम माझं. मला तेवढंच चांगलं यायचं.”

ते वाकत, लांबत, कण्हत. पाय मात्र हलला नाही.

सामने सुरू होण्याआधीच त्यांचा करार संपला. ग्लोव्ह खोबरेलाच्या वासासकट त्यांच्याबरोबर गेला. शेजारच्या घराला बरेच दिवस कुलूप होतं.

शुक्रवारी फोनवर तुमचं मराठी अडखळलं की तुम्ही लाजून आईकडे फोन देता. देऊ नका. कसंही बोला. नेट दाराजवळ चांगलं येतं, म्हणून मी खुर्ची तिथेच ओढून बसते, पाय पायपुसण्यावर.