कुंडलिक मास्तरांचा वजा

विंझरचे कुंडलिक मास्तर वरवे बुद्रुकच्या शाळेत गणित शिकवायचे. बौद्धवाडीतले पहिले एमएस्सी. पण शाळेतल्या गणितावर काही त्यांची भूक भागेना. त्र्याहत्तर साली त्यांनी पुण्याला विद्यापीठात पीएचडीसाठी नाव घातलं आणि विषय घेतला रक्ताचा. नळीतून रक्त कसं वाहतं, त्याची समीकरणं मांडायची.

आई साळूबाई घाबरली. "लोकांचं रगत काडणार व्हय रं?"

"नाही गं आई. सगळं कागदावर."

"कागदावर? आन मग लाल कशानं करणार?"

समजावणं सोपं नव्हतं. रक्त पाण्यासारखं धरून गणितं करणारे पुष्कळ होते. मास्तरांचे पुण्याचे सर म्हणायचे, रक्तात तांबड्या पेशींची जत्रा भरलेली असते. ते वाहतं आणि वर थोडं रबरासारखं ताणलंही जातं. तसं धरून करा. म्हणजे सायकलच्या सीटची स्प्रिंग घ्यावी आणि तिला हवा भरायच्या पंपाचा दट्ट्या जोडावा, असा तो मामला. विंझर ते वरवे सायकल मारताना मास्तरांना बुडाखालची स्प्रिंग आणि दांडीला अडकवलेला पंप दोन्ही पुरावे म्हणून सोबत असत.

दोन वर्षांनी उत्तर आलं, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ठोका पडला की रक्त पुढं जातं, हे ठीक. मागचा दाब काढला की वेग कमी होत होत शून्यावर थांबायला हवा. मास्तरांच्या उत्तरात तो शून्याच्या खाली गेला. वजा! म्हणजे रक्त क्षणभर उलटं चाललं.

सरांनी कागद परत दिले. "कुठंतरी चिन्ह चुकलंय. शोधा."

एक्केचाळीस पानं. मास्तरांनी चार वेळा तपासली, मग बायकोला, चंद्राबाईला, समोर बसवलं. सातवी शिकलेली चंद्राबाई मूळ वहीतली चिन्हं मोठ्यानं वाचायची आणि मास्तर नकलेवर बोट फिरवायचे. "अधिक, अधिक, वजा, बरोबर, वजा..." दूध घालायला येणारा चिमाजी दारात आदबीनं हात जोडून उभा राहायचा. त्याला वाटायचं, पाठ चाललाय.

खरं कळल्यावर त्यानं ते गावभर केलं. मास्तरांच्या हिशेबात एक वजा शिरलाय आणि निघंना. मग पारावरून सायकल गेली की कुणीतरी विचारणारच, "मास्तर, गावला का वजा?"

"न्हाई अजून."

"लई तरास दील तर खोडून टाका की!"

खोडायचा मोह मास्तरांना झालाही. एका रविवारी रबर हातात घेऊन ते बराच वेळ बसले होते. चंद्राबाई म्हणाली, "खोडला तर तुमास्नी झोप लागंल का?" त्यांनी रबर ठेवून दिलं.

उन्हाळ्यात परसातलं भोकर पिकलं. वहीचा फाटलेला पुठ्ठा चिकटवायला चंद्राबाईनं भोकरांचा गर वाटीत काढून दिला. मास्तर त्यात काडी घालून गरगर फिरवत होते. तेवढ्यात बाहेरून चिमाजीनं हाक मारली आणि मास्तरांनी काडी सोडली. काडी थांबली. थांबली, आणि पाव वेढा उलटी फिरली.

मास्तर जागचे हलले नाहीत. पुन्हा फिरवली, सोडली. पुन्हा उलटी!

"अगं, इकडं ये! हे मागं येतंय!"

"भोकराचा चीक हाय, येणारच की मागं," चंद्राबाई म्हणाली. "भेंडी ढवळताना पळी न्हाई येत? त्यात काय नवल?"

"आणि हे तू मला चार महिने सांगितलं नाहीस?"

"तुमी कुठं भेंडीचं इचारलंत?"

वजा चुकलेला नव्हताच. ताणलेला द्रव सुटल्यावर मागं येत होता, आणि गणित तेच सांगत होतं. मास्तर अंगणात येऊन चिमाजीला कडकडून भेटले. निम्मं दूध सांडलं.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला तोंडी परीक्षा लागली. एसटीत भोकराची वाटी मांडीवर धरायला चंद्राबाईही निघाली. कात्रजच्या घाटात वळणावळणाला ती वाटीवर पदर दाबून बसली होती.

मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "हे चिन्ह चुकलेलं दिसतं."

"नाही सर," म्हणत मास्तर बाहेर गेले आणि वाटी घेऊन आले. "फिरवून सोडा."

परीक्षकांनी काडी फिरवली, सोडली. भुवया वर गेल्या. त्यांनी आणखी चारदा फिरवली. शेजारचे दुसरे परीक्षक म्हणाले, "मला द्या की जरा."

"पण भोकर म्हणजे रक्त नव्हे," पहिले भानावर येत म्हणाले.

"नाहीच, सर. गणितातलं चिन्ह अशक्य नाही, एवढंच यातून कळतं. रक्त नेमकं किती मागं येतं, ते प्रयोगशाळेनं मोजावं."

हे उत्तर परीक्षकांना भोकरापेक्षाही आवडलं. सही करायला त्यांनी पेन उचललं, तर पेन बोटांनाच चिकटलं. कागद पेनाला चिकटला. मग बाहेर बसलेल्या चंद्राबाईला बोलावणं आलं.

"मीठ चोळा," ती दारातूनच म्हणाली, "न्हाईतर गोडं तेल लावा. पाण्यानं आनीकच चिकटंल."

शिपाई कँटीनकडं धावला. विद्यापीठाचे दोन विद्वान मीठ चोळत उभे राहिले आणि मास्तर डॉक्टर झाले.

पुढं भोरच्या कॉलेजात त्यांना नोकरी लागली. त्या वजावरचा मास्तरांचा लेख छापून आल्यावर वर्षभरानं पोलंडहून एक पोस्टकार्ड आलं: लेखाची प्रत पाठवावी. मास्तरांना इतका आनंद झाला की ते कार्ड खिशात घालून दोन दिवस हिंडले. तिसऱ्या दिवशी साळूबाईनं ते मागून घेतलं, तिकिटावरचं जहाज निरखलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबनं आलंय, आन तू अजून उत्तर न्हाई धाडलंस? काय म्हणतील ती माणसं!"

मास्तरांनी त्याच दुपारी पाकीट पोस्टात टाकलं.