माझ्याच आवाजात

आधीच सांगते, मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचे कान तपासणं हा माझा धंदा. "कानात कुणीतरी बोलतंय" असं कुणी सांगितलं की मी आधी मळ बघते, मग बीपी विचारते, मग कुठल्या गोळ्या चालू आहेत ते. माझी आई मालवणची; तिच्याकडे प्रत्येक आवाजाला एकेक भूत नेमून दिलेलं आहे. तिने सुरुवात केली की मी उठून आत जाते. तेव्हा 'ह्या बाईला आधीपासूनच हौस होती' असं कृपया कमेंटमध्ये लिहू नका.

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळकरी मुलांवरच्या एका संशोधनात मी काम करते. दिवसभर इअरफोन लावल्याने त्यांच्या ऐकण्यावर, झोपेवर, मनावर काय परिणाम होतो ते बघायचं. त्यासाठी परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावरचा गाळा घेतला होता. एका बाजूला छपाईवाला, दुसऱ्या बाजूला मसाल्याचं पॅकिंग — म्हणजे दिवसभर शिंका. मधोमध आमचा नवा कोरा बूथ. बूथ म्हणजे एक छोटी साउंडप्रूफ खोली : जाड दार, काचेची खिडकी, आत एक खुर्ची. मुलाने हेडफोन लावून आत बसायचं, हातात बटण धरायचं. मी बाहेरून बारीक बारीक आवाज सोडणार. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्या मशीनवर हिरवा दिवा लागतो. मध्येच मी मुद्दाम काहीच सोडत नाही. अंदाजपंचे दाबणारी पोरं तिथे बरोबर सापडतात.

आमच्या लोकांना एक वाईट खोड आहे. नवीन सेटअप आला की पहिला बकरा घरचाच. शनिवारी दुपारी माझ्या मुलीला, मुक्ताला, शाळेतून परस्पर तिकडे नेलं. नववीत आहे. नेहमीसारखी तोंड पाडून आली. "काय यार आई, मला झोपायचं होतं." सेटअप लावणारा आमचा टेक्निशियन प्रसाद समोर वडापाव खायला गेला होता. पण मला धीर कुठला! मुक्ताला आत बसवलं, दार लावलं आणि मशीन सुरू केलं.

पहिला आवाज सोडला. दिवा नाही. थोडा वाढवला. नाही. आणखी वाढवला... शेवटी एवढा, की मी असते तर हेडफोन काढून फेकले असते. मुक्ता ढिम्म. रात्रंदिवस कानात बोळे घालून बसणारी माझी पोर... जगाच्या मुलांचे कान तपासत फिरले आणि घरचीच बहिरी झाली की काय?

मी आवाज बंद केला. आणि दिवा लागला.

मी दोन्ही हात मशीनवरून काढून मांडीवर ठेवले. परत दिवा. थोडा वेळ गेला, परत. मस्करी करतेय, दुसरं काय! मी माइक सुरू करून म्हटलं, "मुक्ता, नाटकं पुरे. आवाज आला तरच दाब."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मान जराशी कलती करून, फोनवर मैत्रिणीचं ऐकावं तशी ऐकत होती. आणि हसत होती. हे हसू मी घरात कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं.

मग दिवा आणखी एकदा लागला, आणि तिचं हसू गेलं. तिने मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं. कुणी अनोळखी बाई दारात आल्यासारखं.

मी उठले, तशी तीही उठली. मी दाराचं हँडल फिरवलं, ते अर्ध्यात अडकलं. काचेतून बघते तर तिने आतून ते दोन्ही हातांनी धरलेलं, एक पाय चौकटीला लावलेला. माझीच मुलगी, मला आत येऊ द्यायचं नाही म्हणून जिवाच्या आकांताने दार धरून उभी! मी ओरडले, दारावर बुक्क्या मारल्या. धावत जाऊन माइकवरही ओरडले, "मुक्ता, अगं आई बोलतेय! दार सोड!" तिचे ओठ हलत होते, पण माझ्याशी नाही. माझ्या धंद्यात ओठ थोडेफार वाचता येतात. ती कुणाला तरी सांगत होती, "ती अजून बाहेरच आहे."

मी काचेला कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखी रडायला लागले. दुसरं काही सुचेचना. ती बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली. मग तिने एका हाताने हेडफोन खाली ओढले आणि हँडल सोडलं.

बाहेर आली ती थेट माझ्या गळ्यात.

"तूच आहेस ना? आई, तूच ना?"

"अगं मीच! काय झालं?"

"आत पण तूच बोलत होतीस. म्हणालीस, बाहेर उभी आहे ती मी नाही. दार उघडू नकोस."

"मग उघडलंस कसं?"

"तू रडत होतीस," ती म्हणाली. "ती अजिबात घाबरली नव्हती."

तेवढ्यात प्रसाद हात पुसत आला. "मॅडम, सुरू पण केलं? अहो, नुसती बटणाची लाइन जोडलीये. हेडफोनची वायर अजून बाकी आहे." त्याने मागे नेऊन दाखवलं. वायरचं वेटोळं, वर रबरबँड, तसंच्या तसं. म्हणजे माझे आवाज, माझं माइकवरचं ओरडणं, यातलं काही म्हणजे काही आत पोचलंच नव्हतं.

टॅक्सीत लालबागपर्यंत ती माझा हात धरून होती. हळूहळू बोलली. तो आवाज तिला प्रश्न विचारत होता. हो असेल तर बटण दाब, म्हणत होता.

"काय विचारलं?"

"झोप लागते का. शाळेत एकटं वाटतं का. घरी कुणाला सांगितलंस का..."

हे प्रश्न आम्ही संशोधनातल्या मुलांना विचारतो. मुक्ताने ते कधी पाहिले नव्हते. आणि मी तिला कधी विचारले नव्हते.

"आणि शेवटी?"

"शेवटी म्हणालीस... म्हणजे ती म्हणाली, आता कायम माझ्याजवळच राहशील ना?"

"मग? दाबलंस बटण?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "मला वाटलं, तूच विचारतेयस."

प्रसादने नंतर सगळा बूथ उघडून तपासला. मी स्वतः वायर काढून आत बसले, माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू आलं नाही. त्यानंतर कितीतरी मुलं तिथे तपासून गेली, एकाचीही तक्रार नाही. मुक्ताला समुपदेशकांकडे नेते, ते म्हणतात मनावरचा ताण. दुसऱ्या कुठल्या आईला मीही हेच सांगितलं असतं. मुक्ता आता बरी आहे, झोपते, माझ्याशी बोलते. मात्र मी मागून "मुक्ता" अशी हाक मारली, तर ती आधी वळून माझा चेहरा बघते आणि मगच ओ देते.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर आता ते नकोही आहे. मला एवढंच विचारायचंय : तो शेवटचा दिवा लागलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. असं एकदा 'हो' म्हणून झाल्यावर ते परत कसं घेतात, कुणाला माहीत असेल तर सांगा. मला फार भीती वाटते.