मामीची खाली मान

आमच्या मामीनं सेलूच्या बाजाराला जाताना कधी मान वर केली नाही. बाया आपल्या सुनांना तिच्याकडं बोट करून म्हणायच्या, "बघ, कशी खालमानेनं चालती. शिक जरा." कॉलेजसाठी मी मामीकडं राहायला आले तेव्हा मलाही वाटलं, किती मर्यादशील बाई!

पहिल्याच बाजाराला मी म्हणाले, "मामी, ती साडी बघ!" मामी खेकसलीच. "बोलू नगंस! गूळ, जिरं, साबण, काडेपेटी... मान वर केली की साड्या दिसतेत, आन् जिरं सांडतंय डोक्यातून." मामीला लिहिता येत नव्हतं. मर्यादा काय ती एवढीच. पिशवी भरली की हीच बाई दुकानादुकानापुढं थांबून साड्यांच्या काठांना नावं ठेवत घरी यायची.

पुढं मानसशास्त्राच्या तासाला सरांनी शिकवलं, की डोक्यात एका वेळी थोडंच मावतं आणि डोळ्यांतून शिरलेली नको ती गोष्टही तीच जागा खाते. जो तिला बाहेर अडवतो, त्याच्या जास्त लक्षात राहतं. मी धावत येऊन मामीला सांगितलं. ती म्हणाली, "ह्याला फी भरलीस का?"

दुसऱ्या वर्षाला मला बघायला मामीकडंच पाहुणे आले; वडीलही गावाहून आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. मला शिकायचं होतं, पण ते पाहुण्यांपुढं म्हणायची हिंमत ना माझ्यात, ना वडिलांत. "मी बोलते," म्हणाली मामी, आणि सकाळपासून काहीतरी पाठ करत पुटपुटत होती.

मुलाच्या आत्यानं मोबाईलवर नवा बंगला दाखवला, गाडी दाखवली, सुनेसाठी केलेला हार दाखवला. मामी फरशीकडंच बघत होती. "किती खालमानेच्या आहेत हो!" आत्या खूश झाल्या. तेवढ्यात मामी फरशीलाच सांगावं तसं म्हणाली, "पोरगी बीए करणार. मंग परभणीला एमए करणार. लगीन त्याच्यामागून. हुंडा न्हाई."

पाहुणे अर्धा चहा टाकून गेले. ते दाराबाहेर पडताच मामीनं मान वर केली. "हार लय भारी होता का गं?"

एमएला निघाले तेव्हा मामी स्टँडवर आली. मान खालीच. मला वाटलं, रडतीय. गळ्यात पडायला गेले तर म्हणाली, "थांब गं, जाताना बाजार करायचाय. मीठ, तेल, हळद..." मी हिरमुसून एसटीत बसले. गाडी हलली. खिडकीतून मागं पाहिलं, तर मामी भर स्टँडवर मान वर करून माझ्याकडं बघत होती. गाडी वळेपर्यंत बघत होती.

संध्याकाळी मामाचा फोन आला. "काय केलंस गं तुझ्या मामीला? रिकामी पिशवी घेऊन आलीय. घरात मीठ न्हाई."