कुणापैकी

अव्वा दाराला कुलूप लावायची, ते ओढून बघायची, मग मला ओढायला लावायची आणि मी ओढल्यावर पुन्हा स्वतः ओढून बघायची. माझ्या ओढण्यावर तिचा भरवसा नसे. दुधात पाणी असणार, सिलिंडरमध्ये गॅस कमी असणार आणि शेजारीण हसली तर त्यामागं काहीतरी असणार, हे ती धरूनच चालायची. कलबुर्गीत मी तिच्या घरी वर्षभराहून जास्त राहिले. तेवढ्या काळात तिनं माझ्यावर कधी पुरता विश्वास टाकला नाही. खरं सांगायचं तर मीही तिच्यावर टाकला नाही.

अव्वा माझ्या आजोबांची दूरची मावसबहीण. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बाजारामागच्या गल्लीत शहाबादी फरशीचं चार खोल्यांचं घर. आम्ही हुलसूरचे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं बी-बियाण्याचं दुकान आहे. मला विद्यापीठात स्त्री अभ्यासाच्या एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा अप्पा हो म्हणाले, पण एका अटीवर. राहायचं अव्वाकडे, आणि दर रविवारी अप्पा अव्वाला फोन करणार. तिनं एकदा जरी नाक मुरडलं तर गाशा गुंडाळून घरी यायचं आणि बोहल्यावर चढायचं. माझं शिक्षण असं त्या म्हातारीच्या जिभेवर टांगलेलं होतं.

रविवारी फोन आला की अव्वा तो घेऊन मागच्या अंगणात जायची. माझ्याकडे बघत हळू आवाजात कानडीत बोलायची. मलाही कानडी तिच्याइतकीच येते हे आठवलं की उठून नळ सोडायची, म्हणजे मला ऐकू येऊ नये. पाण्याच्या आवाजात तिचे ओठ तेवढे हलताना दिसायचे. आत आली की म्हणायची, "तुझा बाप इचारायला होता. म्या सांगितलं." काय सांगितलं, ते कधी सांगितलं नाही.

आमच्या भागात अनोळखी माणसाला नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "कुणापैकी?" कानडीत "यारपैकी?" त्या एका प्रश्नातून गाव, घराणं, सोयरीक, सगळं बाहेर येतं. अव्वाला हा प्रश्न विचारल्याशिवाय पाणी गोड लागत नसे. नळ दुरुस्त करायला आलेल्याला विचारायची, माझ्या मैत्रिणींना विचारायची, मीटर बघायला आलेल्याला तर दारातच थांबवून विचारायची. मी आल्यावर आठवडाभरात तिनं माझ्या विषयालाही सोडलं नाही.

"शिकवायला कोन कोन हाय तुला?"

मी सांगितलं. इतिहासाचे एक सर, अर्थशास्त्राच्या एक मॅडम, कायद्याच्या एक, कानडी साहित्याचे एक, शिवाय शेतीकडचे एक सर अधूनमधून येतात.

"म्हंजे विषय येक आन् मास्तर पाच घरचे. मग ह्यो विषय कुणापैकी?"

"सगळ्यांपैकी, अव्वा."

"सगळ्यांपैकी म्हंजे कुणापैकीच न्हाई. ज्याला सोताचं घर न्हाई, त्यो लोकांच्या घरात कामून शिरायलाय, ह्ये आदी बघावं."

दुसऱ्या दिवशी मी हे आमच्या विभागप्रमुख मॅडमना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "विद्यापीठाच्या बैठकीत बाकीचे विभाग मला हेच विचारतात. फक्त इंग्रजीत."

विषयाबद्दल अव्वाचं मत काही बदललं नाही. "बायकांचा अभ्यास सासू करती, नवरा करतो, सगळी गल्ली करती. त्याला विद्यापीठ कामून लागतंय?" असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. माझी पुस्तकं ती उलटी धरून झटकायची. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आतून काही पडतं का ते बघायला इंग्रजी यावं लागत नाही. काहीच पडलं नाही की तिचा संशय उलट वाढायचा.

एकदा मॅडमनी वर्गात काम दिलं. घरातल्या थोरल्या बायकांना "कुणापैकी?" विचारा, पण आईच्या बाजूनं. आई कुणापैकी, तिची आई कुणापैकी, तिचीही आई कुणापैकी. कुठं थांबतात ते बघा. मी संध्याकाळी अव्वापाशी बसले. ती लसूण सोलत होती. नवऱ्याचं घराणं तिनं पणजोबांपर्यंत घडाघडा सांगितलं, वडिलांचं त्याहून वर नेलं. आई जनवाड्याची, हेही सांगितलं.

"आणि तुझ्या आईची आई?"

"ती असंल तिकडचीच."

"कुणापैकी?"

अव्वाचे हात थांबले. "ह्ये इचारून तुमी काय करनार?" ती म्हणाली आणि लसणाचं ताट घेऊन आत गेली. पुढं कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. विद्यापीठ लोकांच्या जमिनी शोधून काढायचा धंदा करतंय, असं तिनं शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं. आता रविवारचा फोन मला घरी बसवणार, याची मी खूणगाठ बांधली. मग एके दिवशी वाती वळताना ती आपणहून म्हणाली, "आईच्या आईचं नाव बी आठवंना गं पोरी." तिचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी तिच्यापुढचा कापूस ओढून घेतला आणि वाती वळायला लागले.

दुसरं वर्ष सुरू झालं आणि अप्पांनी कळवलं की आळंदचं एक स्थळ मला बघायला येतंय. तुरीचा मोठा व्यापार, मुलगा धाकटा, हैदराबादला नोकरीला; थोरल्याचं लग्न झालेलं. सोयीचं म्हणून बघण्याचा कार्यक्रम अव्वाच्या घरीच. लग्नानंतर शिकणं चालणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि अप्पांनी ते मान्यही केलं होतं. अव्वानं सकाळपासून फरशी पुसली, शिरा केला, माझ्या साडीच्या निऱ्या स्वतः नीट केल्या. हे सगळं हिनंच जुळवलंय, याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती.

अप्पा सकाळीच हुलसूरहून आले होते. मग मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक काका असे आले. पाणी झालं, चहा झाला. अव्वा दाराजवळच्या खुर्चीवर बसून होती. तिनं विचारलं, "कुणापैकी?" मुलाच्या वडिलांनी ऐटीत घराणं सांगितलं. अप्पांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. एरवी एवढ्यावर हा प्रश्न संपतो.

"आन् ह्या?" अव्वानं मुलाच्या आईकडे बोट केलं.

"ती हुमनाबादकडची," वडीलच म्हणाले.

"त्यांस्नी बोलता येत न्हाई का?"

मुलाच्या आईनं पदर सावरला आणि आपलं माहेर सांगितलं, आपल्या आईचंही सांगितलं. तिला हे आजवर कुणी विचारलेलं नसावं. ती खुर्चीत जरा पुढं सरकून बसली.

"आन् थोरली सून कुणापैकी?"

"सेडमकडची," काका म्हणाले.

"ती आली न्हाई."

"माहेरी गेलीय."

"बाळंतपणाला?"

काकांनी वडिलांकडे पाहिलं. अव्वा वडिलांकडे बघत नव्हती, काकांकडेही नाही. ती आईकडे बघत होती.

"न्हाई," शेवटी आईच म्हणाली. "दिवाळीपासून तिकडंच हाय. पुन्ना येत न्हाई म्हनती."

"अगं, ते कशाला आता इथं," वडील म्हणाले. पण अप्पांनी हातातला कप खाली ठेवला होता.

मंडळी गेल्यावर अप्पा भडकले. "अव्वा, तुम्हाला पोरीवर नजर ठेवा म्हनलो होतो."

"नजर ठेव म्हनलास. कुणावर, ते सांगितला न्हाईस."

अप्पा अंगणात जाऊन बराच वेळ कुणाकुणाला फोन करत राहिले. परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. सेडमहून काय कळलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "परीक्षा कधी हाय?" मी सांगितलं. "दे मग." आणि अव्वाकडे वळून म्हणाले, "पन तुमच्या घरात पोरगी ठेवली तर तिचं लगीन व्हायचं न्हाई. हिला मी होस्टेलला घालतो."

मी अव्वाला विचारलं, "माझ्यासाठी केलंस ना?"

"तुझ्यासाठी कामून? म्या माझ्या घरात आलेल्याला इचारलं." यातलं खरं किती, याचा मला अजून संशय आहे.

निघताना तिनं माझी बॅग उघडून तपासली. तिचं एखादं भांडं जात नाही ना, ते बघायचं होतं. भांडं नव्हतं. मग तिनं तळाचं सगळ्यात जाड पुस्तक बाहेर काढलं. "ह्ये हितं ऱ्हाऊ दे."

"अव्वा, परीक्षेला लागतं मला ते."

"लागतं म्हनूनच. लागत न्हाई त्या वस्तूचं तारन कोन ठेवून घेतंय? पोरी जाताना येते म्हनत्यात. येत न्हाईत."

म्हणून मी जात राहिले. ती जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पुस्तक आणून द्यायची, मी ओसरीवर बसून वाचायचे, टिपणं काढायचे आणि काय वाचलं ते तिला आपल्या भाषेत सांगायचे. "कोन म्हनतंय ह्ये? आन् तिला कुणी सांगितलं?" ती प्रत्येक वेळी विचारायची. उत्तर पटलं नाही तर मान हलवायची, पटलं तर गप्प बसायची आणि पुस्तक परत आत न्यायची. परीक्षा झाली, बीदरच्या एका कॉलेजात मी शिकवायला लागले, तरी तिनं ते सोडलं नाही. दुसरी प्रत मला सहज मिळाली असती. मी घेतली नाही.

गेल्या वर्षी अव्वा गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. घराचा ताबा आता तिच्या नवऱ्याच्या पुतण्याकडे आहे. त्यानं चहा पाजला, आत गेला आणि ते पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. "तुमचंच असंल. इंग्रजी हाय. अव्वा कुणाला हात लावू देत नव्हती."

तारण सुटलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मी पुस्तक बॅगेत टाकून स्टँडवर आले, बीदरच्या बसमध्ये खिडकीशी बसले. बस निघाली तेव्हा मला रडू आलं. कलबुर्गीला परत यायचं माझ्याकडे आता काहीच कारण उरलं नव्हतं.