सत्तावीस नंबरची कोरडी जर्सी

त्यानं ती जर्सी माझ्या पायांशी टाकली.

"पिक इट अप," म्हणाला.

सकाळचे साडेनऊ. लॉकर रूममध्ये वीस-बावीस पोरं बाकांवर बसून स्केट्सच्या नाड्या बांधत होती. मी दारात, हातात हँगर. जर्सी सत्तावीस नंबरची. धुतलेली, वाळलेली, मीच तासाभरापूर्वी त्याच्या जागेवर लावलेली.

"ही कुणी धुवायला सांगितली?" कोचनं विचारलं.

"इट वॉज वोर्न, सर," मी म्हणाले. अंगात घातलेली होती, म्हणून धुतली.

त्यानं माझ्या उच्चारात, मान डोलावत, तेच वाक्य म्हणून दाखवलं. पोरं हसली. मग त्यानं ती जर्सी बुटाच्या टोकानं फरशीवर फिरवली. स्केट्सच्या पात्यांवरचा बर्फ वितळून काळपट पाणी झालं होतं, ते सगळं तिनं पुसून घेतलं.

"आता लाव जागेवर," तो म्हणाला. "यू आर लाँड्री. लाँड्री डझंट थिंक."

आणि मी वाकले. उचलली. लावली. ह्याच हातांनी. त्याच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या वाकण्याचा राग जास्त येतो. अजून येतो.

शिकागोपासून तीन तासांवरचं हे गाव. चकलीची भाजणी हवी तरी शिकागोतलं देशी दुकानांचं डेव्हन ॲव्हेन्यू गाठावं लागतं. नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि सात वर्षं घरात बसले, कारण मला कामाची परवानगी नव्हती. त्याआधी सातारा जिल्ह्यात अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होते. परमिट आलं तेव्हा जे पहिलं काम मिळालं ते हे. आइस हॉकीच्या टीमचे कपडे धुणं. धुण्याची मला लाज वाटत नाही. माणसाचा घाम काही वाईट नसतो.

आमची टीम खालच्या लीगमधली. वरची मोठी टीम आपली एकोणीस-वीस वर्षांची पोरं इथं पाठवते. तयार व्हायला. त्यांना खेळवायचं, चुकू द्यायचं, चुकलं की शिकवायचं, ह्याचा कोचला पगार मिळतो. पण ह्याला स्वतःलाच वर जायचं होतं. मग तो जुन्या, तयार खेळाडूंच्या जोरावर मॅच जिंकायचा आणि नव्या पोरांना सगळा वेळ बेंचवर बसवून ठेवायचा. वर त्याचा एक नियम. ज्याला मॅचमध्ये उतरवलंच नाही, त्याची जर्सी धुवायची नाही. तशीच पारोशी त्याच्या जागेवर लावायची, सगळ्यांना दिसेल अशी. "ही हॅझंट अर्न्ड द वॉश." धुणंसुद्धा कमवायचं म्हणे!

हा नियम मला माझ्या साहेबानं, रिकनं, पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. रिक टीमचं सगळं सामान बघतो. मी विसरले होते असं नाही. पण आमच्या घरी कपडा अंगाला लागला की धुवायला पडतो, मग पाच मिनिटं घातलेला असो. त्या दिवशी हातांनी ऐकलं नाही. एवढाच माझा गुन्हा.

दुपारी सत्तावीस नंबर लाँड्रीच्या दारात आला. इथन त्याचं नाव. सहा फुटांचं पोर, पण मान खाली.

"सॉरी, मॅम. माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं."

अपमान केला कोचनं, आणि माफी मागतोय हा! सीझनच्या सुरुवातीला त्याच्या हातून एकदा चूक झाली होती, समोरच्यांनी गोल केला होता. तेव्हापासून तो बेंचवर. चूक कशी सुधारायची ते कुणी सांगितलं नाही. आपली लायकीच नाही हे मात्र त्याला पाठ झालं होतं. मूल असं बोलायला लागलं की शिकवणाऱ्याला हाकलून द्यावं, असं माझं सरळ मत आहे.

मला हॉकीतलं कळत नाही. पण जर्सी कळते. मॅचआधीच्या सरावाचा घाम कॉलरपाशी थांबतो. खेळाचा घाम पाठभर पसरतो, कोपरापर्यंत उतरतो, जर्सी पिळून निघते. इथनची जर्सी महिन्यातून एकदाच अशी भिजून यायची. एकदाच का? कारण महिन्यातून एकदा वरच्या टीमचा माणूस बघायला यायचा. तो कधी येणार हे आठवडाभर आधी कळायचं. त्या दिवशी सगळी नवी पोरं बर्फावर. चौदा नंबर भिजलेला, एकतीस भिजलेला, इथन भिजलेला. तो माणूस गेला की पुन्हा कोरडे.

हे माझ्या लगेच लक्षात आलं. कारण ही युक्ती मला ओळखीची होती. मीच ती एकदा केली होती.

आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे होते. हेडमास्तर म्हणाले, "बाई, वीटभट्टीवरची ती तिघं वाचताना अडतात. उद्या त्यांना घरीच राहू द्या." मी संध्याकाळी स्वतः भट्टीवर गेले. त्यातल्या धाकटीच्या आईनं विचारलं, "बाई, उद्या सुट्टी हाय व्हय?" मी म्हणाले, "हो." ती मुलगी आईच्या मागून माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला कळलं होतं. तपासणी झकास झाली. साहेबांनी माझ्या वर्गाचं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. मूग गिळून.

मार्चमध्ये रिक म्हणाला, वरचा माणूस कोचचा आढावा घ्यायला येतोय, सगळ्यांशी पाच-पाच मिनिटं बोलेल. "जस्ट से ही इज ग्रेट, ओके?" घरी नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तुझा काय संबंध? सात वर्षांनी जॉब मिळालाय, कशाला प्रॉब्लेम क्रिएट करतेस, यार?" चूक नव्हतं त्याचं. मलाही हे काम हवंच होतं. पगारापेक्षा जास्त, सकाळी घराबाहेर पडायला हवं होतं.

तो माणूस माझ्याहून बराच लहान वाटला. हसून म्हणाला, "तुम्ही मॅच बघत नसाल ना?"

"नाही. मी मॅच झाल्यावर जर्सी बघते," मी म्हणाले.

आणि सगळं सांगितलं. कॉलरचा घाम, पाठीचा घाम. न धुण्याचा नियम. तुम्ही येता तेव्हाच भिजणाऱ्या जर्सी. त्याचं पेन थांबलं.

"ह्याला काही पुरावा?"

"शनिवारी मॅच आहे. येतो म्हणून कुणाला सांगू नका. रविवारी सकाळी थेट लाँड्रीत या. मशीन लावायच्या आधी तुम्हीच हात लावून बघा."

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला.

रविवारी मी सातपासून थांबले. कपड्यांचा ढीग तसाच ठेवून. साडेदहा वाजले. तो आला नाही.

आठवड्याभरात कळलं की कोचचा करार वाढवला. त्याच आठवड्यात इथनला घरी पाठवला. प्रगती नाही म्हणे! ज्याला खेळवलंच नाही त्याची प्रगती कुठून दिसणार? तळपायाची आग मस्तकात गेली. तो जाताना माझ्याकडे आला नाही. त्याची जागा रिकामी दिसली तेव्हा मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोच लाँड्रीत आला. पहिल्यांदाच. हातात चौदा नंबरची जर्सी. दाराबाहेर दोन-तीन पोरं उभी, त्यांत चौदा नंबरही.

"ऐकलं की तू आता हॉकीवर बोलतेस," तो म्हणाला आणि जर्सी माझ्या टेबलावर टाकली. "नियम माहीत आहे. जागेवर लाव."

मी जर्सी हातात घेतली. कॉलर तेवढा ओलसर, बाकी कोरडी ठणठणीत. मशीनचं दार उघडलं. ती एकच जर्सी आत टाकली, साबण घातला, बटण दाबलं.

"व्हॉट आर यू डूइंग?"

"वॉशिंग," मी म्हणाले. "मला काढायचं तर काढा. पण मी इथं आहे तोवर अंगातून निघालेला प्रत्येक कपडा धुतला जाईल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या पोरांकडे. ह्या वेळी कुणी हसलं नाही. तो रिकच्या नावानं ओरडत निघून गेला.

उद्या मला कामावर ठेवतात की नाही, माहीत नाही. ठेवलं तर धुवेन. नाही ठेवलं तर वरच्या टीमच्या ऑफिसात जाऊन, कुणी विचारलं नाही तरी, हेच सांगेन. मराठी उच्चारात सांगेन. एका मुलीच्या आईला मी एकदा सुट्टी आहे म्हणून खोटं सांगितलंय. आता कुणाच्याही पोराच्या बाबतीत, कुणाच्याही सांगण्यावरून, मी ते पुन्हा सांगणार नाही.