मास्तरांचा उजवा पाय

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादाचा ब्रेक असतो. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी. समोरून अचानक सायकलवाला आला की शिकणारा किंचाळतो आणि मास्तर पाय दाबतात. झाली शिकवणी.

असा उभा जन्म त्या ब्रेकवर काढलेल्या या गृहस्थांना सगळी वस्ती ब्रेकमास्तर म्हणत असे. निम्मं शहर त्यांच्याकडे गाडी शिकलं आणि एकालाही खरचटलं नाही, कारण मास्तरांचा उजवा पाय कधी डोक्याला विचारत बसला नाही. धोका दिसला की तो परस्पर निकाल लावून मोकळा व्हायचा.

पुढे डोळे अधू झाले तसा मास्तरांनी क्लास बंद केला. स्वतः निवृत्त झाले, पाय मात्र कामावरच राहिला. टीव्हीवर कुणी धावत्या गाडीसमोर आलं की मास्तर सोफ्यावरून जमीन दाबत. लेकीच्या गाडीत पुढच्या सीटसमोरच्या चटईला त्यांच्या टाचेनं भोक पाडलं होतं.

"अहो, त्या चटईनं तुमचं काय वाईट केलंय?" असं पत्नी विचारी. त्या एका शाळेच्या ऑफिसात अजूनही नोकरी करत होत्या आणि रोज संध्याकाळी घरी आल्या की आधी नवरा आणि मग फरशी शाबूत आहे का ते बघत.

मास्तरांच्या क्लासमधून पळून गेलेली विद्यार्थिनी एकच, आणि ती म्हणजे त्यांची सख्खी लेक. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या क्लासमध्ये नाव घालून ती गाडी शिकली. "तुम्ही शेजारी असलात की गाडी मी चालवतच नाही बाबा, तुम्ही ती थांबवता," असं म्हणाली होती. मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. निदान वरवर तरी.

त्या लेकीचं बाळ आता आधाराशिवाय बसायला लागलं होतं आणि दुसऱ्याच्या ताटाकडे सावकारासारखं बघायला लागलं होतं. तिची रजा संपत आली होती. बाळाला दिवसा कोण सांभाळणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मास्तरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"माझी एकच अट आहे बाबा," लेक म्हणाली. "दूध चालू राहील, पण वरचं खाणं तो स्वतःच्या हातानं खाणार. चमचा नाही, भरवणं नाही. बोटाएवढे मऊ उकडलेले तुकडे समोर ठेवायचे. तो उचलेल, चाखेल, फेकेल."

"आणि मी काय करायचं?"

"समोर बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

मास्तरांनी पत्नीकडे पाहिलं. पत्नी म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मला तर तुम्ही वाफ गेलेली आमटीसुद्धा फुंकून देता."

पहिल्या दिवशी गाजर होतं. बाळानं ते आधी कानाला लावलं, मग नाकाला, मग वाटेत तोंड लागलं म्हणून तोंडात घातलं. मास्तर खुशीत होते. तेवढ्यात बाळाला उबळ आली. तोंड लाल झालं, जीभ बाहेर आली, खोकला सुरू झाला. टेबलाखाली धाड्‌कन आवाज झाला आणि लेक "बाबा, नको!" म्हणेपर्यंत मास्तरांचं बोट बाळाच्या तोंडात होतं.

तुकडा आणखी आत न जाता बाहेर आला, हे नशीब. बाळानं मात्र असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. त्यानंतर दिवसभर मास्तर समोर दिसले की ते ओठ घट्ट मिटून घेई.

लेक बाळाला उचलून आत घेऊन गेली. ती रागावली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा दबका आवाज आला. "हो, पाळणाघरातली जागा राखून ठेवा. सोमवारी नक्की सांगते."

कोपऱ्यावरच्या क्लासमध्ये आणखी एकाचं नाव घातलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी बाळाची लस होती. मास्तर दवाखान्यात गेले आणि लस टोचून झाल्यावर नर्सबाईंसमोर ठाण मांडून बसले. नर्सबाईंनी त्यांना ओळखलं. निम्म्या शहरात त्याही होत्या.

"मास्तर, उबळ वेगळी आणि घास अडकणं वेगळं," त्या म्हणाल्या. "खोकतोय, आवाज येतोय, तोंड लाल झालंय, म्हणजे तो स्वतःच तुकडा बाहेर ढकलतोय. तेव्हा बोट घालायचं नाही, तुकडा उलट आत जातो. आवाजच बंद झाला, श्वास लागेना, ओठ निळे पडायला लागले, तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही." असं म्हणून त्यांनी एक रबरी बाहुली आणली. तिला मांडीवर पालथं कसं धरायचं, डोकं खाली ठेवून पाठीवर कसे फटके द्यायचे, तेवढ्यानं भागलं नाही तर पुढे काय करायचं आणि मदत कशी बोलवायची, सगळं दाखवलं.

मास्तरांनी ते करून पाहिलं. मग परत करून पाहिलं. बाहेर रांग चुळबुळ करायला लागली तरी त्यांचं चालूच.

"मास्तर, वाचली ती. सोडा आता."

"म्हणजे ब्रेक आहे तर!" मास्तरांचा चेहरा खुलला.

"आहे की. म्हणून त्यावर पाय देऊन बसायचं नसतं," नर्सबाई हसल्या. "माझं पहिलं वळण आठवतंय? ट्रक समोर होता. तुम्ही ब्रेक दाबला नाहीत. हनुवटी थरथरत होती तुमची, पण दाबला नाहीत. त्या दिवशी गाडी आली मला."

मास्तरांना ते वळण आठवेना. पण घरी जाताना वाटभर ते तेच वळण घेत होते. परक्या मुलीसाठी जे जमलं होतं, ते लेकीसाठी का जमलं नव्हतं?

रविवारी त्यांनी बाळाच्या खुर्चीखाली गाडीवर घालायचं जुनं कापड अंथरलं. भोपळा आणि गाजर दोन बोटांत सहज चिरडेल इतकं मऊ शिजवलं. बाळाला ताठ बसवलं. मग स्वतः समोरच्या खुर्चीवर चढले आणि मांडी घालून बसले.

"हे काय, प्रवचन आहे का?" पत्नींनी विचारलं.

"पाय जमिनीला लागायला नको."

लेक दारात हाताची घडी घालून उभी होती. बाळानं आजोबांकडे संशयानं पाहिलं, भोपळा केसांना चोपडला आणि गाजर उचललं. दोन-तीन घास सुखाचे गेले. मग उबळ आली.

मास्तरांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "आवाज येतोय," ते पुटपुटले. "आवाज येतोय. तोंड लाल आहे. लाल चालतं." उजवा पाय डाव्या पायाखाली तडफडत होता. बाळाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांच्याही आलं. लेक दारातून एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थांबली. ती बाळाकडे बघत नव्हती, बाबांकडे बघत होती.

बाळानं आणखी एकदा खोकून तुकडा बाहेर काढला, हातात घेऊन नीट न्याहाळला, आणि जणू कालचाच ओळखीचा माणूस भेटावा तसा हसून परत तोंडात घातला. चावला. गिळला.

"अहो, रडताय काय?"

"कुठे? वळण घेतलं त्यानं. स्वतः घेतलं."

लेक आत गेली आणि या वेळी मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाळणाघर ना? ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. आमच्याकडे बाबा आहेत."

मास्तर बाळाच्या कानामागचा भोपळा पुसत होते. हात जरा जास्तच हळू चालला होता. "उपकार झाले हो साहेब," ते बाळाच्या कानात म्हणाले. साहेबांनी त्यांच्या चष्म्याला गाजर लावलं.

संध्याकाळी लेकीनं गाडी बाहेर काढली. सगळ्यांनी एक चक्कर मारून यायचं ठरलं. तिनं सवयीनं शेजारचं दार उघडलं, पण मास्तर मागचं दार उघडून बाळाच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले. गाडीत मागे बसण्याची त्यांची ही जन्मातली पहिलीच खेप. पत्नी पुढे बसल्या आणि चटईच्या त्या भोकावर त्यांनी ऐटीत पाय ठेवला.

गाडी चौकात आली. समोरून एक रिकामा टेम्पो जोरात वळला. लेकीनं शांतपणे वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं आणि आरशातून मागे पाहिलं.

"बाबा, पाय?"

बाळाच्या चिकट मुठीत मास्तरांचं बोट होतं. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"कुठला पाय?"