आडव्या फळ्या

हेन्री व्रोबेलचा सगळा जन्म मिलवॉकीच्या दक्षिण भागात पायी टपाल वाटण्यात गेला. निवृत्त झाल्यावरही त्याचा पाय घरात ठरत नसे. आणि नेमका त्यालाच पार्किन्सनचा आजार जडला. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे आणि वरचं अंग पुढे झुकायचं. एकदा तो जिन्यावरून गडगडला, तेव्हा बायकोनं, डोलोरेसनं, त्याचा पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणला.

खालच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा होता. त्यावर हेन्रीचे पाय वरच्यापेक्षाही जास्त अडकू लागले. स्वयंपाकघरात डोलोरेसचे हात भांड्यांत असायचे, कान मात्र बाहेर. पावलं वाजली की तिचा जीव भांड्यात पडे, पावलं थांबली की ओल्या हातांनीच ती धावत सुटे. तो खोलीच्या मधोमध उभा असायचा, लालबुंद होऊन.

"टपालवाला आहे मी, दिव्याचा खांब नाही!" तो ओरडायचा.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी गालिच्यावर चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. "रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो," त्या म्हणाल्या. खरंच, हेन्री चालला! पण दोन दिवसांत पट्ट्या गुंडाळल्या गेल्या आणि त्यांत त्याचाच पाय अडकला.

पट्ट्या खरवडता खरवडता डोलोरेस एकदम उठून वर गेली. वर तो बरा का चालायचा, हे तिला आता उमगलं. पलंगापासून खिडकीपर्यंत ओकच्या अरुंद फळ्या आडव्या होत्या, आणि प्रत्येक सांध्यात एक काळी रेघ. त्याला वर नेणं शक्य नव्हतं. मग जमीनच खाली न्यायची!

तिला धीर कुठला! तिनं पहार घेतली आणि कोपऱ्यातली फळी उचकटली. फळी कडाडून चिरली. दुसरीही गेली. तिसरी गेल्यावर तिनं दिराला, नॉर्बर्टला, फोन केला. त्यानं आयुष्यभर सुतारकाम केलं होतं.

"अगं डॉली, खिळे जिभेतून, फळीच्या कडेला पुढे आलेल्या पट्टीतून, मारलेले असतात. जिभेकडून उचल. नाहीतर राहू दे, मीच येतो. सगळ्याचा भुगा करशील."

नॉर्बर्ट आला, त्यानं खालचा गालिचा काढला, पण तिथे फळ्या कशा टाकायच्या यावरून दोघांची जुंपली.

"लांबीला टाकतात. आडव्या टाकल्यास तर खोली खोक्यासारखी दिसेल."

"दिसू दे. मला खोली विकायची नाही, नवऱ्याला चालवायचंय."

"ऐकणार नाहीस ना?"

"तुझ्या भावाशी लग्न केलं तेव्हा तरी ऐकलं होतं का?"

हेन्री स्वयंपाकघरातल्या खुर्चीत चुळबुळत होता. ठोकाठोकीच्या प्रत्येक आवाजाला तो विचारायचा, "झालं का?" शेवटी डोलोरेस खेकसली, "झालं की सांगते ना!" मग तिलाच वाईट वाटलं आणि तिनं त्याच्या हातात पोलिश सॉसेजचा तुकडा ठेवला.

फळ्या अपुऱ्या पडल्या. चिरलेल्या तीन तर तिला रात्रंदिवस खुपत होत्या. "पलंगाखाली आणि कपाटाखाली प्लायवूड टाक," ती म्हणाली. "चालायच्या वाटेवर मात्र एकही फळी कमी नको." नॉर्बर्टनं पुटपुटत तसंच केलं.

शेवटी हेन्रीला उभं केलं. त्यानं खाली पाहिलं. काठी पुढे टेकवली. मग पाय उचलला, रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली. खिडकीशी वळताना मात्र तो थिजला. नॉर्बर्ट पुढे झाला, तसं डोलोरेसनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. त्याला रेघ शोधू दे."

 हेन्रीनं मान खाली घालून शोधलं, टाच फिरवली आणि तो परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला.

त्या संध्याकाळी तो थांबेचना. काही दिवसांनी न्हाणीघरात तो पडलाच, आणि हाताची थरथरही वाढत गेली. फळ्यांनी आजार बरा होणार नव्हता. पण खिडकीपर्यंत तो आपल्या पायांनी जाऊ लागला. तिथे उभं राहून गल्लीतल्या नव्या टपालवाल्याला नावं ठेवायचा, "बघ कसा रमतगमत चाललाय!"

डोलोरेस वर, ओकच्या फळ्या काढल्यावर उघड्या पडलेल्या खडबडीत तळफळ्यांवर, लोकरी मोजे घालून वावरायची. खालची पावलं जरा थांबली, की अजूनही ती जिन्याच्या कठड्याशी येऊन उभी राही, पुढचं पाऊल वाजेपर्यंत.